बेंबीचा जबाब

आबासाहेबांच्या एकसष्टाव्या वाढदिवसाला महिना उरला, तेव्हा कासारपेठेतले कार्यकर्ते चिंतेत पडले. पन्नाशीला पन्नास जोडप्यांची लग्नं लावून झाली होती. पंचावन्नाव्याला पंचावन्न मोतीबिंदू काढून झाले होते. साठीला साठ झाडं लावली, पण झाडं उन्हाळ्यात वाळतात आणि मतदानालाही येत नाहीत, असा अनुभव आला. आता एकसष्ट काय करायचं? तेवढ्यात डॉक्टर संग्राम वाळवेकरांच्या इस्पितळात ‘अष्टभुज’ आलं आणि प्रश्न सुटला. एकसष्ट पित्ताशयं!

तालुक्यात काढण्याजोगी एकसष्ट पित्ताशयं आहेत का, हे कुणी विचारलं नाही. केक कापताना तो कुणाला हवाय हे कुठे कुणी विचारतं?

अष्टभुज हे यंत्र दिसायला ओढ्यातल्या खेकड्यासारखं होतं. रोग्याच्या बेंबीत बोटभर भोक पाडून ते आपल्या बारीक सोंडा आत घालायचं, यकृताखाली लपलेलं पित्ताशय मुळापासून सोडवायचं, एका पातळ थैलीत भरायचं आणि त्याच भोकातून बाहेर ओढायचं. सर्जनच्या हाताला जिथे पाऊण तास लागायचा, तिथे हे काम चहा गार व्हायच्या आत व्हायचं. डॉक्टरांनी फक्त पडद्यापुढे बसून हो किंवा नाही म्हणायचं. शिबिराच्या दिवशी नाही म्हणायला वेळ नव्हता.

शालन खराडे ही डॉक्टरांची सासू. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी केतकी डॉक्टरांच्या घरात आणि इस्पितळाच्या कारभारात. शालनचा आवाज तालुक्यात प्रसिद्ध होता. भरल्या गाडीत मागच्या बाकावर घोरणारा माणूस तिच्या एका ‘चलाऽऽ फाटा’ला सामानासकट दारात यायचा. हा आवाज गळ्यातून येत नाही, बेंबीच्या देठापासून येतो, असं डेपोतले लोक म्हणायचे.

शिबिराच्या दिवशी ती जावयाला मदत म्हणून आली होती. मदत म्हणजे पेशंटना धीर द्यायचा, बायकांचे दागिने सांभाळायचे आणि आपण डॉक्टरांची सासू आहोत हे कुणाला कळू द्यायचं नाही. कळलं की लोक नंबर पुढे घ्या म्हणून मागे लागत.

साठावा नंबर सारजाचा होता. बोरगावची, दोन म्हशींची मालकीण, बोलायला मोकळी. नर्सनं तिला हातातल्या बांगड्या काढायला सांगितल्या.

“फोडायच्या तर न्हाईतच,” सारजा म्हणाली. “मालक जिवंत हाय माझा. घोरतोय घरी.”

“फोडा कोण म्हणतंय?” शालननं तिच्या हाताला साबण चोळला आणि एकेक हिरवी बांगडी अलगद सोडवून आपल्या पर्समध्ये ठेवली. “बाहेर आलीस की चढवते.”

“तुमी कंडक्टर व्हता न्हवं? आमच्या फाट्याला कदी गाडी न थांबवणाऱ्या?”

“ते ड्रायव्हरला विचार.”

सारजा हसत हसत आत गेली.

साठ झाली. एकसष्टावा उंबरवाडीचा एक पैलवान. त्याला उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. आपण पाण्याचा थेंबही घेतलेला नाही अशी तो आईची शपथ घेत होता, आणि मिसळीची तर्री त्याच्या मिशीला लागलेली होती. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला हात लावायला नकार दिला. बाहेर आबासाहेब सुरी हातात घेऊन केकपुढे उभे. बँड थांबलेला. साठ पित्ताशयांवर एकसष्टावा वाढदिवस कसा साजरा करणार?

संग्राम घाम पुसत बाहेर आला. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मग सासूकडे पाहिलं.

“आई, मागे तुमच्या सोनोग्राफीत एक खडा होता ना?”

“होता. अजून असेल. मला त्याचा काही त्रास नाही.”

“त्रास व्हायची वाट कशाला बघायची? आज सकाळपासून काही खाल्लंय?”

“आज संकष्टी आहे, संग्रामराव. खिचडी घ्यायलाही सवड झाली नाही.”

“बाप्पाच पावला,” संग्राम म्हणाला.

शालननं केतकीकडे पाहिलं. केतकीनं आईचा हात धरला. “आई, सगळा तालुका बघतोय गं. त्याची लाज राख.”

आणि जावयाची लाज राखायला शालन आडवी झाली. चंद्र उगवायच्या आत पित्ताशय गेलं होतं. बाहेर फटाके वाजले.

संध्याकाळी प्रत्येकाला आबासाहेबांचा फोटो चिकटवलेल्या काचेच्या बाटलीत आपापले खडे मिळाले. काहींच्या पित्ताशयात खडे निघालेच नव्हते. त्यांना, ज्यांचे जास्त निघाले त्यांच्यातले दिले. कुणीही रिकाम्या हातानं परत गेलं नाही. पित्ताशयं मात्र पिवळ्या पिशवीत भरून कचऱ्यात गेली. काढलेला अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवायचा असतो. पण त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

सारजा जीपमधून कधी गेली ते शालनला कळलंही नाही. हिरव्या बांगड्या तिच्या पर्समध्येच राहिल्या.

*

दहा महिन्यांनी शालननं खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारली आणि ती वाकून खालीच बसली. बेंबीत कळ आली होती. हात लावून पाहिला तर आत वाटाण्याएवढं काही तरी टणक.

संग्रामनं फोनवर बोलता बोलता अंगठ्यानं दाबून पाहिलं. “टाक्याची गाठ आहे, आई. जिरेल.” महिन्याभरात वाटाण्याची सुपारी झाली. संग्रामनं मलम दिलं. मलमाच्या डबीवर अष्टभुजाचं चित्र होतं.

शालननं डबी कपाटात ठेवली आणि कुणाला न सांगता जिल्ह्याची बस पकडली. तिथल्या प्रयोगशाळेत डॉक्टर नाझनीन मुजावर व्रणांवर संशोधन करत होती. कॉलेजला असताना ती शालनच्या गाडीनं जायची. पास घरी विसरली की शालन तिच्यावर ओरडायची आणि गाडीत बसवून घ्यायची. नाझनीननं शालनला पलंगावर झोपवलं आणि जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र बेंबीवर टेकवलं. मुंगी चावावी तसं झालं.

“हे काय करतं गं?”

“जखमेशी बोलतं, मावशी.” नाझनीन पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. “जखम भरते म्हणजे शरीर खड्डा बुजवतं, पण एका दमात नाही. थरावर थर चढवतं, कांद्यासारखे. सगळ्यात आतला थर पहिल्या तासांचा, त्यावरचा दुसऱ्या दिवसाचा, असं करत वरपर्यंत. प्रत्येक थरावर वयाच्या रासायनिक खुणा असतात. बारीक सुयांनी आम्ही थराथरातला कण उचलतो आणि त्या खुणा वाचतो. कुठला थर कधीचा, आणि त्यात कोण अडकून बसलंय, सगळं कळतं. पूर्वी हे कळायचं नाही, म्हणून जखमेला काही विचारायचीही पद्धत नव्हती.”

“म्हणजे तिकिटासारखं. कुठे चढला, कधी चढला.”

“अगदी.”

मग नाझनीन गप्प झाली. यंत्र घुमत राहिलं. गप्प झालेली माणसं शालननं पुष्कळ पाहिली होती. त्यांच्याकडे बहुतेक तिकीट नसायचं.

“बोल,” ती म्हणाली. “शेवटची गाडी गेली, हे मी जन्मभर लोकांना तोंडावर सांगितलंय. मलाही कुणी तरी सांगायला हवं.”

“कॅन्सर आहे, मावशी. पित्ताशयाचा.”

“पित्ताशय तर काढलं.”

“काढताना सांडला.” नाझनीननं खुर्ची जवळ ओढली. “तो तुमच्या पित्ताशयात आधीपासून होता, अगदी बारीक, सोनोग्राफीत न दिसणारा. पित्ताशय थैलीत घालून बाहेर काढतात ते एवढ्याचसाठी, की त्याच्यातलं काही जखमेला लागू नये. तुमची थैली फाटकी होती. पित्त भोकात सांडलं आणि त्याच्याबरोबर त्या पेशीही. ताजी जखम म्हणजे त्यांना पंगतच. जखम भरायला म्हणून शरीर रक्त पाठवतं, वाढीचे रस पाठवतं, आणि ते सगळं या पेशी बसून खातात. या पेशी सगळ्यात आतल्या थरात आहेत. पहिल्याच तासातल्या. नंतर कुठून पसरत आलेल्या नाहीत.”

“आणि काढलेलं पित्ताशय तपासलं असतं तर?”

“आठवड्यात कळलं असतं. तेव्हाच पुन्हा ऑपरेशन केलं असतं तर पुष्कळ आशा होती.”

“आता?”

“आता आहे. पण पुष्कळ नाही.”

शालन छताकडे बघत राहिली. छतावर पंखा होता, चांगला फिरत होता. तिला राग यायला हवा होता, पण इतका मोठा राग दारातून आत यायला वेळ लागतो.

“अजून एक आहे,” नाझनीन म्हणाली. “मी तीनदा तपासलं. त्याच आतल्या थरात दुसऱ्या एका बाईच्या पेशी आहेत. मेलेल्या आहेत, तुम्हाला त्यांचा धोका नाही. परक्या माणसाच्या पेशी शरीर जगू देत नाही, मारून टाकतं. पण त्यांचा मलबा जखमेबरोबर गाडला जातो. मावशी, त्यासुद्धा कॅन्सरच्या आहेत.”

“माझ्या बेंबीत दुसऱ्या बाईचा कॅन्सर?”

“थैली आधी तिला वापरलेली होती. धुवून पुन्हा तुम्हाला वापरली. तिचंही पित्ताशय तपासलेलं नसणार. म्हणजे तिला हे माहीत नाही. कुठे तरी ती मजेत स्वयंपाक करत असेल.”

राग तेव्हा आला. सगळा एकदम आला. शालन उठून बसली, आणि तिला समोर साबण लावलेले दोन हात दिसले.

*

तो अधिक महिना होता. जावयाला विष्णू मानून जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण द्यायचं. शालननं सगळं यथासांग केलं. अनारशांना जाळी पडली होती. संग्राम पाटावर बसला, केतकी शेजारी. विष्णूनं चौथा धोंडा तुपात बुडवला तेव्हा शालन म्हणाली, “संग्रामराव, थैल्या किती आल्या होत्या?”

“कसल्या थैल्या?”

“वाढदिवसाच्या.”

संग्रामचा हात ताटावरच थांबला. शालननं नाझनीनचा निष्कर्ष सांगितला. भाजी मंडईतला भाव सांगावा तसा, आवाज न चढवता. केतकी रडायला लागली. संग्राम रडला नाही. त्याचा चेहरा पडद्यापुढे बसल्यावर व्हायचा तसा झाला.

“पन्नास आल्या होत्या,” तो म्हणाला. “पुढच्या पार्सलला उशीर झाला. शेवटच्या काही केसेसना धुवून वापरल्या. पण निर्जंतुक केल्या होत्या, आई. काटेकोर.”

“जंतू मेले असतील. मी जंतूंबद्दल विचारत नाही. माझ्या आधी ती कुणाला वापरली?”

“ते असं सांगता येत नाही. पेशंटची गोपनीयता असते.”

“ती माझ्या बेंबीत राहते, संग्रामराव. मी तिची घरमालकीण आहे. मला तिचं नाव कळू नये?”

“आई, शांतपणे ऐका.” संग्राम पाट सोडून जवळ आला. “तुमचे उपचार मी मुंबईला करतो, सगळ्यात चांगल्या ठिकाणी. त्या बाईलाही शोधतो, गुपचूप तपासतो. पण हे बाहेर गेलं तर एकसष्ट जण दारात उभे राहतील. अष्टभुज बंद पडेल. रोग कुणाला होतो, कुणाला नाही, नशीब असतं.”

“नशिबाला थैली पुरवायचं काम कुणाचं होतं?”

“आई, बास ना!” केतकी म्हणाली. “त्यानं मुद्दाम केलंय का? तू त्याला मुलासारखा म्हणायचीस.”

“बाकीच्या सगळ्यांना बोलावून तपासणार का, एवढंच सांगा.”

संग्राम म्हणाला, “पुढच्या आठवड्यात बासष्टावा आहे. सगळी तयारी झालीय.”

“कसली?”

“बासष्ट पित्ताशयं.”

शालन आत गेली. तांब्याचं ताट घेऊन आली. दिवा तेवत होता. तिनं ते संग्रामच्या हातात दिलं, वाकून नमस्कार केला, कारण रीत ती रीत. मग सरळ उभी राहिली.

“वाण घे,” ती म्हणाली. “संग्रामराव विष्णू होते, त्यांना दिलं. आता ऐक, संग्राम. सारजाला मी शोधते. तू तुझं इस्पितळ शोध, नंतर सापडणार नाही.”

केतकीच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं होतं. केतकी गाठीपेक्षा त्यालाच जास्त घाबरली.

दुसऱ्या दिवशी शालननं आरोग्य खात्यात तक्रार दिली. खात्यानं तिची तातडीनं दखल घेतली. वाढदिवसानंतर चौकशी समिती नेमण्यात येईल आणि आबासाहेबांनी समितीचं अध्यक्षपद स्वीकारण्याची कृपा केली आहे, असं तिला फोनवर आनंदानं सांगण्यात आलं.

*

त्या भागात बोरगावं तीन. पण फाट्यावर गाडी न थांबणारं बोरगाव एकच. शालन आणि नाझनीन तिथे पोचल्या तेव्हा सारजा म्हशीला आंबोण घालत होती.

“बांगड्या द्यायला आले,” शालन म्हणाली.

“अगं बया! कंडक्टरीणबाई!” सारजानं ओले हात लुगड्याला पुसले. “मी म्हनलं गेल्या माझ्या बांगड्या डॉक्टरच्या सासूकडं. तुमीच की वं ती सासू? मला मागनं कळलं. देवमाणूस बगा तुमचा जावई. फुकट केलं, वर बाटली दिली.”

बाटली देव्हाऱ्यात होती. खंडोबाच्या टाकाशेजारी. आत करवंदाएवढे तीन खडे, बाहेर आबासाहेबांचा फोटो, आणि फोटोच्या कपाळावर कुंकू.

“हे काय?” नाझनीनच्या तोंडून निघून गेलं.

“मोठ्या माणसाचा फोटो हाय. चपलांजवळ कसा ठिवायचा?”

शालननं चहा नको म्हटलं, मग घेतला, आणि सांगितलं. थैली, पित्त, धुणं, सगळं. सारजा ऐकत होती, पण तिची मान हळूहळू नकार द्यायला लागली.

“मला काय बी हुईत न्हाई. भाकरी जाती, झोप लागती. उगं सुया कशाला टोचून घ्यू? आन् डॉक्टरनं असं केलं आसंल तर त्याची सासू येऊन कशी सांगंल? काय तरी भांडण दिसतंय तुमच्या घरात.”

“आहे,” शालन म्हणाली. “मोठं आहे.” तिनं पदर बाजूला केला. “हात लाव.”

सारजानं बोट टेकवलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं.

“लय कडक हाय.”

“ही माझी. आणि हिच्या मुळाशी दुसऱ्या बाईची माती आहे. माझ्या आधीचा नंबर तुझा होता, म्हणून मला वाटतं ती तुझी आहे. नसली तर मी तुझी माफी मागेन आणि पुढच्या बाईच्या दारात जाईन. असली तर तुझ्याकडे वेळ आहे, सारजा. माझ्याकडे होता त्यापेक्षा जास्त.”

म्हैस शेपटी हलवत होती. सारजानं पुन्हा एकदा त्या गाठीकडे पाहिलं. मग ओसरीवर घोंगडं अंथरलं आणि आडवी झाली.

मुंगी चावली. यंत्र घुमलं. शालनच्या व्रणातला मलबा आणि समोरची सारजा तंतोतंत जुळली. नाझनीननं आणखी आत पाहिलं. सारजाच्या व्रणातही पेशी होत्या, जिवंत. पण गाठ धरायला लागलेली नव्हती. चार दाणे नुकते रुजलेले.

“आहे,” नाझनीन म्हणाली. “पण लवकर सापडलं. खूप लवकर. उद्याच जिल्ह्याला दाखल व्हायचं. यकृताचा थोडा भाग आणि ही जागा काढतील. आशा आहे, सारजामावशी. खरोखरची.”

सारजा उठली. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत काही नव्हतं. ती देव्हाऱ्याशी गेली, बाटली काढली, पदरानं आबासाहेबांच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून.

“वरीसभर पुजला ह्येला,” ती म्हणाली. “तुमच्या पोटात माझं, आन् माझ्या देव्हाऱ्यात हा.” मग हात पुढे केले. “चढवा बांगड्या. साबन नगं. आता हात रोडावल्यात.”

शालननं एकेक हिरवी बांगडी तिच्या हातात चढवली.

“अजून लोकं आसतील न्हवं अशी?” सारजानं विचारलं.

“असतील. आणि परवा आणखी बासष्ट.”

“मग मी उद्या न्हाई, परवा दाखल हुनार,” सारजा म्हणाली. “परवा सकाळी वाढदिवसाला येती. रिकाम्या हातानं न्हाई.”

*

बासष्टाव्या वाढदिवसाच्या फलकावर शालनचाच फोटो होता. गेल्या वर्षीचा, आबासाहेबांच्या शेजारी, हातात बाटली, खाली ‘एकसष्टावी भाग्यवान, समाधानी रुग्ण’. फलक छापून चौकाचौकात लागले होते, त्यामुळे तिला दीपप्रज्वलनाला बोलावण्यावाचून कार्यकर्त्यांना इलाज नव्हता. संग्रामला वाटलं, आईंनी वाण दिलं, नमस्कार केला, तोंडानं काय वाटेल ते बोलल्या असल्या तरी मन निवळलं असणार. जावयाला असं वाटायला अनारसे पुरतात.

मांडवात बासष्ट खुर्च्या. खुर्च्यांवर हिरवे झगे घातलेले लोक, प्रत्येकाच्या हाताला सलाईन आणि गळ्यात नंबर. काही जण दुखतंय म्हणून आलेले, काही फुकट आहे म्हणून, काही गावातल्या कार्यकर्त्यानं जीपमध्ये घातलं म्हणून. मंचाच्या मागे पारदर्शक काचेच्या खोलीत अष्टभुज सोंडा मुडपून बसलं होतं. नंबर एक पुढे आणला होता. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, नव्या लग्नाची, अजून मेंदीचा रंग असलेली.

“काय त्रास होतो गं तुला?” शालननं तिला विचारलं.

“ढेकर येतात,” पोरगी म्हणाली.

शालन मंचावर चढली. आबासाहेबांनी शाल दिली, नारळ दिला. सूत्रसंचालकानं माईक पुढे केला. तिनं तो बाजूला सारला. पोटावर हात धरला. कळ येणार हे तिला माहीत होतं. आली. त्या कळेच्याही वरून, बेंबीच्या देठापासून, तो आवाज निघाला.

“सगळ्यांनी खाली उतराऽऽ! ही गाडी पुढे जाणार नाही!”

बँड थांबला. मागे झोपलेला एक म्हातारा सलाईनसकट उभा राहिला.

“मी गेल्या वर्षीची एकसष्टावी. माझं पित्ताशय न तपासता कचऱ्यात टाकलं. त्यात कॅन्सर होता. फाटक्या थैलीतून तो माझ्या जखमेवर सांडला. ती थैली माझ्या आधी दुसऱ्या बाईला वापरलेली होती, तिलाही कॅन्सर निघालाय. गेल्या वर्षी इथे ज्यांचं ज्यांचं काढलं, त्यांच्यातलं कुणी इथे असेल, कुणाचं कुणी असेल, त्यांनी फाटकाबाहेर निळी गाडी उभी आहे तिथे जा. डॉक्टर मुजावर बसल्यात. सुई मुंगीएवढी आहे. ज्यांचं आज काढणार आहेत, त्यांनी घरी जा. ज्यांना खरंच दुखतंय त्यांनी जिल्ह्याला जा आणि काढल्यावर ते तपासणार का, हे आधी विचारा. हे मी ऐकीव सांगत नाही. हा डॉक्टर माझा जावई आहे.”

कुणीच हललं नाही. इतक्या लोकांना काय करायचं हे ठरवायला नेहमी कुणी तरी पहिलं लागतं. मांडवाच्या मागून काचेची किणकिण ऐकू आली. सारजा खुर्च्यांमधल्या वाटेनं चालत येत होती, दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले. मंचाशी येऊन तिनं बाटली आबासाहेबांच्या केकशेजारी ठेवली.

“तुमचं तुमाला,” ती म्हणाली. “आमच्यात जागा न्हाई.”

मेंदीवाल्या पोरीनं हातातली सलाईनची नळी ओढून काढली आणि गळ्यातला एक नंबर खुर्चीवर ठेवला. मग दुसरा उठला. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, बराच वेळ, गाडी शेवटच्या थांब्याला आली की होतो तसा. काही घरी निघाले, काही निळ्या गाडीकडे धावले. मिसळीपायी गेल्या वर्षी हुकलेला उंबरवाडीचा पैलवानही यंदा पुन्हा आला होता. तो सगळ्यांच्या आधी फाटकापाशी पोचला. आबासाहेब केक कापायची सुरी हातात धरून उभे होते. त्यांचं वय एका तासात कमी कमी होत चाललं होतं. चाळीस, बत्तीस, अकरा.

संग्राम सासूच्या कानाशी आला. “आई, झालं ना मनासारखं? आता निदान तुम्ही तरी खाली या. तुमची तब्येत...”

शालननं मंचाची कड घट्ट धरली होती. साडीवर बेंबीपाशी रुपयाएवढा ओला डाग पडला होता. केतकीनं तो पाहिला. तिनं हातातलं ओवाळणीचं ताट नवऱ्याच्या हातात दिलं, मंचावर आली आणि आईच्या कमरेला हात घातला.

“चल, आई. उतरू या.”

मांडवात अजून सात-आठ जण होते. एका म्हातारीला सलाईनची नळी सोडवता येत नव्हती.

“तिला आधी सोडव जा,” शालन म्हणाली. “कंडक्टर शेवटी उतरतो.”